रेल्वेवेड्या धर्मगुरूचे छोटे जग

निळ्या रंगाचे, हसऱ्या चेहऱ्याचे आणि अंगावर १ हा आकडा मिरवणारे थॉमस नावाचे इंजिन जगभरातील मुलांच्या परिचयाचे आहे. पुस्तके, दूरचित्रवाणी मालिका आणि खेळणी यांच्याद्वारे ते घराघरांत पोहोचले. त्याचे जनक रेव्हरंड विल्बर्ट ऑड्री हे इंग्लंडच्या खेडेगावांत सेवा केलेले एक धर्मगुरू होते, हेही अनेकांना ठाऊक असते. मात्र या धर्मगुरूंनी आपल्या गोष्टींतील रेल्वे लाकडी फळ्यांवर खरोखरच मांडली होती, ती चालवून पाहिली होती आणि प्रदर्शनांतून लोकांसमोर नेली होती, ही बाजू तुलनेने कमी परिचित आहे. ऑड्री यांच्या स्वभावाची ओळख त्यांच्या पुस्तकांइतकीच या छोट्या रेल्वेतूनही होते.

विल्बर्ट ऑड्री यांचा जन्म १५ जून १९११ रोजी हॅम्पशायर परगण्यातील अँपफील्ड या गावी झाला. वडील व्हियर ऑड्री हे तेथील चर्चचे धर्मगुरू होते. विल्बर्टच्या जन्माच्या वेळी त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. रेल्वेचे त्यांना विलक्षण वेड होते. रुळांची देखभाल करणाऱ्या कामगारांपासून स्टेशन मास्तरांपर्यंत सर्वांशी त्यांचा स्नेह होता आणि रेल्वे कामगारांचे पाद्री अशीच त्यांची ओळख झाली होती. घराच्या बागेत त्यांनी स्वतःच्या हातांनी मॉडेल रेल्वे मांडली होती. वडिलांबरोबर रुळांच्या कडेने हिंडणे आणि घरी आल्यावर त्याच रेल्वेची छोटी प्रतिकृती पाहणे, अशा वातावरणात विल्बर्टचे पहिले संस्कार झाले. खरी रेल्वे आणि मॉडेल रेल्वे यांचे नाते त्यांच्या मनात तेव्हाच जुळले असावे.

१९१७ मध्ये हे कुटुंब विल्टशायरमधील बॉक्स या गावी राहावयास आले. तेथे दोनदा घर बदलल्यानंतर १९२० मध्ये ते ज्या घरात स्थिरावले, त्याचे नाव जर्नीज एंड असे ठेवण्यात आले. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा लंडन ते ब्रिस्टल हा मुख्य मार्ग घराजवळून जात होता आणि इझांबार्ड किंग्डम ब्रुनेल यांनी बांधलेल्या सुप्रसिद्ध बॉक्स बोगद्याचे पश्चिमेकडील तोंड अवघ्या दोनशे यार्डांवर होते. हा बोगदा १८४१ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्याची लांबी सुमारे तीन किलोमीटर आहे.

या ठिकाणी रुळांना सलग दोन मैल शंभरास एक असा चढ होता. जड मालगाड्यांना तो एकट्या इंजिनाच्या बळावर चढणे कठीण जाई. कर्जतहून खंडाळ्याचा घाट चढताना गाडीला मागून बँकर इंजिने जोडतात, तशीच व्यवस्था बॉक्स येथेही होती. मालगाड्या बहुधा रात्री धावत. पुढचे इंजिन शिटी वाजवून मागच्याला इशारा देई, मागचे इंजिन शिटीनेच उत्तर देई, आणि मग दोघांच्या धुराड्यांतून निघणारे धापांचे आवाज चढावर घुमू लागत. अंथरुणात जागा असलेला विल्बर्ट ते ऐकत राही. ही दोन इंजिने एकमेकांशी बोलत आहेत, पुढचे कुरकुरत आहे आणि मागचे त्याला धीर देत आहे, असे त्याला वाटे. पुढे लिहिलेल्या सर्व गोष्टींचे मूळ या रात्रींत आहे.

शालेय शिक्षण डॉन्ट्सीज स्कूलमध्ये पूर्ण करून ऑड्री ऑक्सफर्डला गेले. सेंट पीटर्स हॉलमधून १९३२ मध्ये पदवी आणि त्यानंतरच्या वर्षी विक्लिफ हॉलमधून धर्मशास्त्राची पदविका त्यांनी मिळवली. १९३३ ते १९३६ ही तीन वर्षे त्यांनी जेरुसलेम येथील सेंट जॉर्जेस स्कूलमध्ये अध्यापन केले. मायदेशी परतल्यावर १९३६ मध्ये त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली आणि हॅम्पशायरमधील ओडियम येथे ते सहायक धर्मगुरू म्हणून रुजू झाले. १९३८ मध्ये मार्गारेट वेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

दुसऱ्या महायुद्धाने या सरळ चाललेल्या आयुष्याची परीक्षा घेतली. ऑड्री कट्टर शांततावादी होते. युद्ध कोणत्याही कारणासाठी असो, ख्रिस्ती माणसाने त्यात हत्यार उचलू नये, अशी त्यांची श्रद्धा होती आणि ती त्यांनी लपवली नाही. शत्रूची विमाने घिरट्या घालत असताना अशी मते बोलून दाखवणाऱ्या धर्मगुरूकडे गावकऱ्यांनी संशयाने पाहावे, यात नवल नव्हते. विल्टशायरमधील वेस्ट लॅव्हिंग्टन येथील त्यांची जागा त्यामुळे गेली. पत्नी गरोदर, राहते घर नोकरीबरोबर जाणारे आणि दुसरीकडे आश्रय मिळण्याची खात्री नाही, असा तो काळ होता. अखेर बर्मिंगहॅमचे बिशप अर्नेस्ट बार्न्स, जे स्वतः शांततावादी होते, त्यांच्या आधाराने १९४० मध्ये बर्मिंगहॅमच्या किंग्ज नॉर्टन भागातील सेंट निकोलस चर्चमध्ये ऑड्री यांना काम मिळाले. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव ख्रिस्तोफर.

ख्रिस्तोफर दोन वर्षांचा असताना त्याला गोवर निघाला. काळोख्या खोलीत पडून राहिलेल्या मुलाचे मन रमवावे म्हणून वडिलांनी त्याला बॉक्सच्या रात्री ऐकलेल्या इंजिनांच्या गोष्टी सांगण्यास प्रारंभ केला. एका कागदावर त्यांनी शेडमध्ये उभ्या असलेल्या इंजिनांची रांग काढली आणि त्यांना चेहरे दिले. त्यातील एका इंजिनाचा चेहरा उदास होता. तो उदास का, त्याचे नाव काय, असे प्रश्न मुलाने विचारले. त्या प्रश्नांच्या उत्तरांतून एडवर्ड हे जुने इंजिन जन्माला आले. त्याच्या मागोमाग तोरा मिरवणारा गॉर्डन आणि पावसाला भिऊन बोगद्यात दडून बसलेला हेन्री आले.

मुले गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकतात आणि त्यात एक शब्द बदललेला खपवून घेत नाहीत, हा सर्वच आई-वडिलांचा अनुभव असतो. ख्रिस्तोफरही काल सांगितलेला तपशील आज बदलला की वडिलांना लगेच अडवी. तेव्हा ऑड्री यांनी गोष्टी लिहून ठेवण्यास सुरुवात केली. युद्धामुळे कागदाची टंचाई होती. म्हणून जुन्या परिपत्रकांच्या कोऱ्या बाजूंवर त्या लिहिल्या गेल्या. आपल्या लेखनाचा पहिला परीक्षक एक लहान मूल आहे आणि ते चूक पकडते, हा धडा ऑड्री यांनी जन्मभर लक्षात ठेवला. या गोष्टी प्रकाशकांना दाखवाव्यात, हा आग्रह मार्गारेट यांचा. लेस्टर येथील एडमंड वॉर्ड या प्रकाशकाने त्या स्वीकारल्या आणि मे १९४५ मध्ये थ्री रेल्वे इंजिन्स हे पहिले छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले.

याच काळात घरात आणखी एक निर्मिती चालू होती. युद्धकाळात दुकानांत खेळणी मिळत नव्हती. ऑड्री यांनी झाडूच्या दांड्याचा तुकडा आणि लाकडाच्या ढलप्या घेऊन मुलासाठी एडवर्ड इंजिन, काही डबे आणि वाघिणी तयार केल्या. मुलाला मग गॉर्डनही हवा होता. परंतु गॉर्डन म्हणजे एक्स्प्रेस ओढणारे भले थोरले इंजिन. त्याची मोठी चाके, लांबलचक बॉयलर आणि मागचा टेंडर हे सारे हाताशी असलेल्या सामानातून साधणे अशक्य होते. वडिलांनी तडजोड केली. सहा चाकांचे, पाण्याच्या टाक्या अंगावरच वागवणारे एक लहानसे टँक इंजिन त्यांनी बनवले, ते निळे रंगवले आणि मुलाच्या हाती दिले. ख्रिस्तोफरने त्याचे नाव थॉमस ठेवले आणि लगेच थॉमसच्या गोष्टीची मागणी केली. ती १९४६ मध्ये पुस्तकरूपाने आली. मोठे इंजिन जमले नाही म्हणून हाती आलेल्या या लहान इंजिनाने पुढे साऱ्या मालिकेला आपले नाव दिले.

युद्ध संपल्यावर ऑड्री केंब्रिजशायरमधील एल्सवर्थ येथे धर्मगुरू म्हणून गेले. १९५३ मध्ये ते नॉरफोकमधील एमनेथ येथे आले. दरवर्षी एक याप्रमाणे पुस्तके निघू लागली, आणि त्यांच्याबरोबर मुलांची पत्रेही येऊ लागली. पत्रलेखकांची नजर तीक्ष्ण होती. एका चित्रात घराच्या उजवीकडे असलेला रूळ दुसऱ्या चित्रात डावीकडे कसा गेला, हेन्री आणि गॉर्डन चित्रांत सारखेच का दिसतात, अमुक स्टेशन तमुक स्टेशनाच्या अलीकडे की पलीकडे, असे प्रश्न मुले विचारीत. चित्रकारांना रेल्वेची पुरेशी माहिती नसे आणि ते सोयीनुसार चित्र काढीत. उत्तर देण्याची पाळी लेखकावर येई.

दुसऱ्या एखाद्या लेखकाने मुलांचे हे प्रश्न हसण्यावारी नेले असते. ऑड्री यांनी ते मनावर घेतले. हेन्रीच्या चित्रांचा घोळ इतका वाढला होता की, त्याला गोष्टींतून काढून टाकण्याचाही विचार त्यांच्या मनात आला. अखेर १९५१ च्या पुस्तकात त्यांनी हेन्रीला एका अपघातात सापडवले आणि क्रू येथील प्रसिद्ध कारखान्यात पाठवून नव्या आकाराचे इंजिन म्हणून परत आणले. चित्रकाराच्या चुकीला रेल्वेच्या व्यवहारात शोभेल असे कारण त्यांनी शोधून काढले होते.

या सर्व इंजिनांसाठी एक भूमी हवी होती. इंग्लंडच्या चर्चमध्ये सोडोर आणि मॅन या नावाचा बिशपचा प्रांत आहे. १९५० मध्ये आयल ऑफ मॅनला गेले असता ऑड्री यांच्या ध्यानात आले की, मॅन नावाचे बेट आहे, सोडोर नावाचे मात्र कोठेच नाही. त्यांनी ते निर्माण केले. आयल ऑफ मॅन आणि इंग्लंडचा बॅरो-इन-फर्नेसजवळचा किनारा यांच्या दरम्यान समुद्रात त्यांनी हे बेट बसवले. त्यांचे धाकटे बंधू जॉर्ज हे लंडनच्या नॅशनल लिबरल क्लबचे ग्रंथपाल होते. दोघा भावांनी मिळून बेटाचे नकाशे, डोंगर, नद्या, इतिहास, भाषा आणि तेथील रेल्वे कंपन्यांचा कारभार असा सारा तपशील सिद्ध केला. पुढे १९८७ मध्ये हा तपशील स्वतंत्र पुस्तकाच्या रूपाने प्रसिद्धही झाला. वडिलांकडून आलेली मॉडेल रेल्वेची हौस ऑड्री यांच्यात होतीच. नकाशा तयार झाल्यावर त्यावरील रेल्वे प्रत्यक्ष मांडावी, ही पुढची पायरी होती.

येथेही आकाराचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. ब्रिटनमध्ये घरगुती मॉडेल रेल्वेसाठी सर्वाधिक वापरले जाणारे प्रमाण ओओ या नावाने ओळखले जाते. त्यात खऱ्या एका फुटासाठी चार मिलिमीटर धरतात, म्हणजे सारे काही सुमारे शहात्तरपट लहान होते. रुळांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर असते. या प्रमाणात खरा एक मैल मांडावयाचा तर सुमारे एकोणसत्तर फूट लांबीची जागा लागते. साठ फुटी दहा डबे जोडलेली एक्स्प्रेस गाडी इंजिन सोडूनच आठ फूट भरते. टेबलावर सामावणारे वळण दीड फूट त्रिज्येचे असले, तर खऱ्या रेल्वेत ते जेमतेम एकशे पंधरा फूट त्रिज्येचे होईल. अशा वळणावर कोणतीही एक्स्प्रेस धावू शकणार नाही. गॉर्डनचा मुख्य मार्ग धर्मगुरूच्या घरातील खोलीत बसणे शक्यच नव्हते.

ऑड्री यांनी पुन्हा एकदा गॉर्डनला बाजूला ठेवून थॉमसची निवड केली. सोडोरच्या नकाशावर थॉमसच्या शाखामार्गाचे शेवटचे स्टेशन फार्कर हे आहे. ते मांडावयाचे, असे ठरले. ही निवड अभ्यासपूर्वक केलेली होती. शाखामार्गावरची गाडी म्हणजे एक इंजिन आणि दोन डबे. थॉमसच्या बाबतीत ॲनी आणि क्लॅराबेल. त्यांना लांब फलाट लागत नाही. टँक इंजिन पुढे आणि मागे सारख्याच सहजतेने धावते, त्यामुळे ते फिरवण्यासाठी गोल चकती बसवावी लागत नाही. त्याची सहा चाके एकमेकांच्या जवळ असल्याने आखूड वळण ते विनातक्रार घेते. मोठ्या जंक्शनची तुटपुंजी नक्कल करण्याऐवजी लहान स्टेशन पूर्णत्वाने दाखवता येते.

शेवटच्या स्टेशनाची आखणी करताना पहिला विचार करावा लागतो तो इंजिनाच्या सुटकेचा. गाडी फलाटाला लागली की, इंजिन रुळाच्या टोकाला अडकते आणि डबे त्याच्या मागे राहतात. परतीच्या प्रवासासाठी त्याला डब्यांच्या दुसऱ्या टोकाशी यावयाचे असते. म्हणून शेजारी लूप लाइन आणि दोन्ही टोकांना सांधे लागतात. लूप डब्यांपेक्षा आखूड ठरली, तर सारी मांडणी निरुपयोगी होते. दुसरा विचार मालवाहतुकीचा. फार्करच्या जवळ दगडाची खाण आहे, असे गोष्टींत सांगितलेले होते. खाणीकडे जाणारा रूळ काही अंतर रस्त्याच्या कडेने, कुंपणाशिवाय जातो. त्यावर चालणाऱ्या इंजिनाच्या चाकांना झाकणे आणि पुढे गुरांपासून बचाव करणारी जाळी असली पाहिजे, असा कायदा दाखवून गोष्टीतील पोलिसाने थॉमसला अडवले होते आणि म्हणूनच टॉबी हे ट्राम इंजिन हेन्रिएटा या आपल्या डब्यासह तेथे कामाला आले होते. त्यामुळे एका छोट्या स्टेशनात उतारूंची गाडी, पर्सीची मालगाडी आणि टॉबीच्या दगडाच्या वाघिणी अशी तीन प्रकारची कामे सहज एकत्र आली.

तिसरा प्रश्न असतो गाडी कोठून येते आणि कोठे जाते हा. प्रदर्शनासाठी केलेल्या छोट्या मांडणीत याचे उत्तर नाटकाच्या रंगमंचासारखे दिले जाते. प्रेक्षकांना दिसते ते स्टेशन म्हणजे रंगमंच. एखादा पूल, बोगदा किंवा झाडी यांच्या मागे नजरेआड आणखी काही रूळ टाकलेले असतात, ती विंग. थॉमस बोगद्यात शिरला की प्रेक्षकांच्या दृष्टीने तो मुख्य मार्गावरील जंक्शनकडे निघून जातो. प्रत्यक्षात तो पडद्याआड काही मिनिटे थांबतो आणि वेळापत्रकाप्रमाणे परत येतो. मधल्या वेळेत पर्सीचे शंटिंग उरकून घेता येते. अशा रीतीने चार-सहा फुटांच्या मांडणीत दिवसभराचा कारभार दाखवता येतो.

घरात चालणारी रेल्वे आणि प्रदर्शनात चालणारी रेल्वे यांतही फार अंतर असते. प्रदर्शनाची मांडणी उचलून मोटारीत घालता आली पाहिजे, दारातून बाहेर निघाली पाहिजे आणि परक्या सभागृहातील उंचसखल जमिनीवर पुन्हा तंतोतंत जुळली पाहिजे. यासाठी ती हलक्या लाकडी चौकटींवर, सुट्या भागांत केलेली असते. भाग जेथे जोडले जातात, तेथे रुळांची टोके केसभर जरी सरकली तरी चाक घसरते. रुळांवर साठलेल्या धुळीने आणि तेलाने वीजप्रवाह खंडित होतो आणि इंजिन जागच्या जागी थांबते. घरी बोटाने ढकलून वेळ निभावून नेता येते. समोर मुलांची रांग उभी असताना मात्र आकाशातून उतरलेला प्रचंड हात दिसला की, सारी जादू संपते. म्हणून प्रत्येक सांधा आणि प्रत्येक जोड शेकडो वेळा तपासावा लागतो. प्रदर्शनात मुले थोडी आणि जाणकार मोठी माणसे बरीच असतात, हेही आयोजकांना अनुभवाने कळलेले असते.

फार्करची मांडणी एमनेथच्या वास्तव्यात प्रसिद्धीस आली. रेल्वे मॉडेलच्या छंदाला वाहिलेल्या मासिकांत ऑड्री यांनी तिच्याविषयी लिहिले आणि प्रदर्शनांतून ती लोकांना दाखवली. पुस्तकातल्या थॉमसला डोळ्यांनी धावताना पाहण्याची संधी मुलांना मिळाली. इंजिनांसाठी बाजारात तयार मिळणाऱ्या मॉडेलांचा त्यांनी उपयोग केला आणि त्यांत आवश्यक ते फेरफार केले. निवृत्तीनंतरही त्यांनी फार्करची मांडणी नव्याने केली. स्टेशनची रचना त्या नव्या जागेला अनुसरून बदलली, तरी शाखेचा कारभार तोच राहिला.

मांडणीमुळे लेखकाची शिस्त अधिकच कडक झाली. रूळ प्रत्यक्ष टाकलेले असल्यावर कोणते इंजिन कोणत्या बाजूने येईल, याविषयी संदिग्धता उरत नाही. चित्रकारांशी त्यांचे खटके उडत राहिले. रेजिनाल्ड डाल्बी यांच्या रंगीत चित्रांनी मालिकेला लोकप्रियता मिळवून दिली होती. पण पर्सी हे इंजिन वाटण्याऐवजी हिरवा सुरवंट वाटतो, अशी तक्रार ऑड्री यांनी केली आणि १९५६ च्या पुस्तकानंतर डाल्बी यांनी काम सोडले. या वादात चित्रकाराची बाजूही विचारात घेण्यासारखी होती. मुलांना आवडणारे तेजस्वी रंग आणि मोकळे आकार हे डाल्बी यांचे देणे होते. ऑड्री यांच्यापाशी मात्र रेल्वेच्या बाबतीत तडजोड नव्हती. आपल्या गोष्टींतील बहुतेक सर्व प्रसंग कोठल्या ना कोठल्या खऱ्या रेल्वेवर घडलेले आहेत, असे ते आग्रहाने सांगत.

खऱ्या रेल्वेशी त्यांचा संबंध केवळ वाचनापुरता नव्हता. एमनेथजवळच विस्बेक ते अपवेल ही ट्राम-रेल्वे होती. टॉबी ज्या जातीचा, त्या चौकोनी पेटीसारख्या ट्राम इंजिनांनी तिच्यावर अनेक वर्षे शेतमाल वाहिला होता. वेल्समधील टॅलिलिन ही अरुंद मापाची रेल्वे १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी चालवण्यास घेतली. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली ही जगातील पहिली रेल्वे होय. पुढच्याच वर्षी ऑड्री तेथे गार्ड म्हणून कामास गेले. एकदा त्यांनी वेळेआधीच गाडी सोडली आणि फराळाचे दुकान चालवणाऱ्या बाई फलाटावरच राहिल्या. स्वतःची ही फजिती त्यांनी १९५५ च्या पुस्तकात गोष्ट म्हणून घातली. त्यांचे स्नेही रेव्हरंड टेडी बॉस्टन हे लेस्टरशायरमधील केडबी येथे धर्मगुरू होते. त्यांच्याकडेही मोठी मॉडेल रेल्वे होती आणि चर्चच्या घराच्या आवारात त्यांनी छोटी खरी रेल्वेही उभारली होती. एक जाडा आणि एक बारीक असे हे दोन धर्मगुरू पुढे ऑड्री यांच्याच पुस्तकांत पात्रे म्हणून अवतरले.

फार्करची छोटी शाखा प्रदर्शनांतून धावत असताना बाहेरच्या खऱ्या शाखामार्गांवर संक्रांत आली. मार्च १९६३ मध्ये डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. दोन हजारांहून अधिक स्टेशने आणि सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग बंद करण्याची शिफारस त्यात होती. तोटा हा आकड्यांत दिसणारा होता आणि मोटारींनी उतारू पळवले होते, हेही खरे होते. गावोगावची दोन डब्यांची गाडी, स्टेशन मास्तरची बाग आणि मालाच्या धक्क्यावरचे शंटिंग झपाट्याने नाहीसे होऊ लागले. ऑड्री यांच्या बालपणीचे बॉक्स स्टेशन १९६५ मध्ये बंद झाले. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेवरील वाफेच्या इंजिनांची नियमित वाहतूक थांबली. त्याच वर्षीच्या ऑड्री यांच्या पुस्तकात भंगारात निघालेले ऑलिव्हर हे इंजिन लपतछपत सोडोरला पोहोचते आणि वाचते. ज्या गाड्या विल्बर्टने अंथरुणातून ऐकल्या होत्या, त्या आता केवळ संग्रहालये, स्वयंसेवकांच्या रेल्वे आणि हौशी मंडळींच्या मांडण्या यांवरच धावणार होत्या. छंद म्हणून केलेल्या फार्करला त्यामुळे एका नाहीशा झालेल्या व्यवहाराच्या नोंदीचे मोल आले.

१९६५ मध्ये पूर्णवेळ सेवेतून निवृत्त होऊन ऑड्री ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउडजवळ रॉडबरो येथे स्थायिक झाले. या घराला त्यांनी सोडोर हे नाव दिले. १९७२ मध्ये सव्विसावे पुस्तक लिहून त्यांनी लेखणी खाली ठेवली. ज्याच्या गोवरापासून सारे सुरू झाले, त्या ख्रिस्तोफरने १९८३ पासून मालिका पुढे चालवली.

१९८४ मध्ये ब्रिट ऑलक्रॉफ्ट यांच्या निर्मितीखाली थॉमस दूरचित्रवाणीवर आला. बीटल्सचे रिंगो स्टार निवेदक होते. ही मालिका त्या वेळी मॉडेल रेल्वेवरच चित्रित होत असे. मात्र तिची इंजिने फार्करच्या इंजिनांपेक्षा दुपटीहून मोठ्या प्रमाणाची होती. थॉमस जगभर पोहोचला. मूळ लेखक मात्र पूर्णतः समाधानी नव्हते. पुढील भागांतील काही कथांत रेल्वेचे नियम धाब्यावर बसवलेले त्यांना आढळले. कोणतीही जबाबदार रेल्वे चालत्या मार्गावर गाडी अशी उभी करणार नाही, अशा स्वरूपाच्या हरकती त्यांनी नोंदवल्या. कोट्यवधी प्रेक्षकांच्या दृष्टीने हा तपशील क्षुल्लक होता. ऑड्री यांच्या लेखी मुलांना सांगितलेली गोष्ट चुकीची असणे हा प्रामाणिकपणाचा प्रश्न होता.

अखेरची वर्षे एकाकी गेली. टेडी बॉस्टन १९८६ मध्ये, पत्नी मार्गारेट १९८९ मध्ये आणि बंधू जॉर्ज १९९४ मध्ये निवर्तले. १९९६ च्या नववर्षाच्या सन्मानयादीत ऑड्री यांना ओबीई हा किताब जाहीर झाला. तथापि प्रकृती ढासळल्याने लंडनला जाऊन तो स्वीकारणे त्यांना शक्य झाले नाही. २१ मार्च १९९७ रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. टॅलिलिन रेल्वेच्या टायविन येथील संग्रहालयात त्यांची अभ्यासिका पुन्हा मांडण्यात आली. एमनेथच्या सेंट एडमंड्स चर्चमध्ये २००३ साली त्यांच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी बसवण्यात आली.

प्रदर्शनासाठी छोटी मांडणी करू पाहणाऱ्या प्रत्येकाला आरंभी मोठ्या जंक्शनचा मोह पडतो आणि जागेची मापे घेतल्यावर तो आवरावा लागतो. ऑड्री यांच्यावर ही वेळ दोनदा आली. एकदा झाडूच्या दांड्यातून गॉर्डन निघाला नाही आणि एकदा तो खोलीत मावला नाही. दोन्ही वेळा त्यांनी दोन डब्यांची गाडी ओढणारे लहान इंजिन निवडले आणि त्याच्या वाटेतील प्रत्येक सांधा, फलाट आणि सिग्नल नेमका जागेवर आहे की नाही, हे अखेरपर्यंत तपासून पाहिले.